भेंडीला बांधलेले दोरे

वैनी, तुझ्या भेंडीला बांधलेले दोरे माईंनी कापून टाकले. सगळे. बाकी रीतीप्रमाणे झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दहावा झाला, बारावा झाला, काल तेरावा झाला. माणसं आली, बसली, तुझ्याबद्दल चांगलं बोलली. त्यातलं निम्मं तुला पटलं नसतं. दोऱ्यांबद्दल मात्र आलेल्यांपैकी कोणी बोललं नाही, कारण ते घरातच मिटवलं. त्यात माईंची चूक एक आणा आणि माझी पंधरा आणे आहे, म्हणून मलाच लिहायला हवं.

आपल्या दोन घरांच्या मधला हा कुणगा. पावसात त्यात भात असतं. भात कापून झालं की खणून, वाफे पाडून तिथे भाजीचा मळा होतो. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, फणस वाटले, माडसुद्धा मोजून वाटले. मळ्याची पाळी आली तेव्हा तू हातातलं सूप खाली न ठेवता म्हणालीस, "बाव एक, पाट एक, मग मळो दोन कसो होतलो?" पुरुषांनी मळा वाटणीतून सोडला. विहिरीकडचे वाफे तू घेतलेस, फाटकाकडचे मला दिलेस. मध्ये ना दोरी, ना दगड. तेव्हापासून आपण दोघी जावा सकाळी सहा ते सात एकाच मळ्यात, एकमेकींकडे पाठ करून काम करत आलो आणि बोलत आलो.

बोलत म्हणजे भांडत. ते कबूल करायला मला लाज नाही. मी फोंडाघाटातली, घाटाच्या पायथ्याची. आमच्याकडे कोल्हापूरचा बाजार उतरतो आणि त्याच्याबरोबर तिखटही. तू आचऱ्याची, खाऱ्या वाऱ्यातली. मी भाजीला लसणीची फोडणी दिली की वास तुझ्या पडवीपर्यंत जायचा आणि तिथून तुझा आवाज यायचा, "फोंडेकरणी, भाजी मारतंस की शिजवतंस?" तू भाजीला फोडणी देत नसायचीस. वालीच्या शेंगा उकडून, खोबरं घालून, वरून कच्च्या खोबरेल तेलाची धार. लाल भाजीचंही तेच. "भाजी बरी आसली तर फोडणी कित्याक व्हयी?" हे तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की शेवटी शेवटी नुसतं "भाजी बरी" एवढं म्हटलंस तरी मी म्हणायचे, कळलं.

आणि भेंडी. भेंडीवरून आपलं कधीच पटलं नाही.

तुझी भेंडी सात शिरांची. बाजारातली पाच शिरांची, गडद हिरवी, बोटाएवढी. तुझी फिकट, वीतभर, दीड वीतभर, आणि एवढी झाली तरी कोवळी. पहिल्या माहेरपणाहून परत येताना तू ते बी पदराच्या गाठीत बांधून आणलंस, असं सासूबाई सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात दहा-बारा घरी ती असेल. नंतर पाकिटं आली. पाकिटातलं बी लवकर धरतं, भरपूर धरतं, शेंगा एकसारख्या निघतात. एकेक घर करत गाव पाकिटावर गेलं. मीही गेले. मी हायस्कुलात कारकून आहे, दहा वाजता मला टेबलावर असावं लागतं. मला एक दिवसाआड टोपलीभर हमखास देणारी भेंडी हवी होती, मालवणातल्या खानावळीत पोचवायला. त्यात मला आजही चुकीचं वाटत नाही. चूक पुढची आहे.

गेल्या पावसात तुझ्या बाटलीतल्या बियांना बुरशी आली. निवडून निवडून मूठभर चांगलं बी उरलं. माघात ते सगळं तू पेरलंस, बाटलीत काही ठेवलं नाहीस. हे मला ठाऊक होतं. तरी या वर्षी मी माझी पाकिटाची भेंडी फाटकाकडे न लावता मधल्या वाफ्यात लावली. तिथे पाटाचं पाणी आधी पोचतं आणि मला सकाळी तेवढाच वेळ वाचतो. तुझ्या झाडांपासून चार हातांवर. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणूनच विचारलं नाही.

फाल्गुनात एका संध्याकाळी तू भेंडीत वाकून काहीतरी करत होतीस. जवळ येऊन बघते तर हातात ब्लाउज शिवायच्या लाल दोऱ्याचं रीळ, आणि उद्या उमलणाऱ्या कळ्यांची टोकं तू एकेक करून बांधत होतीस.

"ह्या काय गो, वैनी?"

"तुझी भेंडी माझ्या भेंडयेत शिरतली म्हणान बांधतंय."

"चार हात लांब आसा ती."

"भुंग्याक काय वाफो कळता?"

मी हसले. म्हटलं, "भेंडयेक काय सासर-म्हायार आसता, वैनी?" तू कमरेवर हात ठेवून सरळ झालीस. रागावली नव्हतीस, हे मला आजही आठवतं. तू म्हणालीस, "हस तू. तुकाच न्हेलेलंय ना मी त्या बाईच्या भाषणाक?"

मग मला आठवलं. आणि नेलं तू मला नव्हतंस, मी तुला नेलं होतं. खूप वर्षं झाली. कोणत्यातरी योजनेतून एक ताई बियाण्यांबद्दल सांगायला शाळेत आल्या होत्या आणि समोर बसायला बायका कमी पडत होत्या. मी तुला घरून ओढून आणलं. मी पहिल्या बाकावर वही उघडून बसले. तू मागच्या बाकावर पदरात कुळीथ घेऊन निवडत होतीस. ताईंनी सांगितलं ते असं : भेंडीचं फूल सकाळी उघडतं, भुंगे या फुलातून त्या फुलात जातात, शेजारच्या जातीचा पराग आणतात. आदल्या संध्याकाळी कळीचं टोक दोऱ्याने बांधलं की फूल आतल्या आत फळतं. त्या शेंगेवर दोरा तसाच ठेवायचा, म्हणजे बियाण्याची शेंग कोणती ते ओळखू येतं. मी सगळं लिहून घेतलं आणि वही कुठे ठेवली ते विसरले. तू कुळीथ निवडलेस आणि एक शब्द विसरली नाहीस.

त्या संध्याकाळी मी "बरं" म्हणून घरी गेले. माझी झाडं उपटायला हवी होती, किंवा निदान माझी फुलं खुडायला. भेंडी आज नाही उद्या, असं म्हणत राहिले. मग चैत्र लागला, तुला दवाखान्यात नेलं, आणि आपलं भेंडीवरचं बोलणं तिथेच राहिलं.

त्या चार दिवसांत मळ्यात कोणी पाऊल टाकलं नाही. मी शाळेतून परस्पर दवाखान्यात येत होते. भेंडी काढली नाही की काय होतं ते तुला सांगायला नको. तिसऱ्या दिवशी तिची दोरखंडं होतात. आम्ही तुझ्यावाचून परतलो तेव्हा तुझ्या झाडांवर तू बांधलेल्या शेंगा होत्या, आणि कोणी न काढल्यामुळे थोराड झालेल्या बिनदोऱ्याच्या शेंगाही होत्या. दिसायला सारख्याच. फरक फक्त दोऱ्याचा.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन मळ्यात निघाले तर माई, आपल्या नणंदबाई, घरापुढच्या खळ्यात उभ्या राहून मला हाका मारत होत्या. त्या आदल्या दिवशीच कणकवलीहून आल्या होत्या. त्यांच्या मुठीत लाल दोऱ्याचे तुकडे होते.

"सुलभा, हय ये. ह्या बघ. वैनीच्या भेंडयेर बांधलेले. एक नाय, दोन नाय, सगळ्या झाडांर. मी म्हणी होतंय, बायल उगाच अशी जावची नाय."

 म्हटलं, "कापलास तुमी?"

"कापूक नको? करणी ती. मीठ-मिरच्यांवांगडा चुलयेत घातलंय. हे चार घाड्याक दाखवूक ठेवलेत."

"किती होते?"

"मोजूक नाय. करणी काय कोण मोजून घेता?"

"खंयच्या शेंगांर होते ता तरी आठवता?"

"शेंगांचा काय घेऊन बसलंस तू? माणूस गेला आमचा."

खरं होतं ते. माणूस गेलं होतं आणि मी शेंगांचं विचारत होते. पण त्या शेंगांमध्ये तुझ्या मूठभर बियांची पुढची पिढी होती आणि ती आता ओळखू येणार नव्हती. माईंचं पुढे चालूच होतं. उद्या सकाळी घाड्याकडे जायचं, तो कौल लावील, कोणी केलं त्याचं नाव घेऊन सांगील. आपल्याकडे अशा वेळी पहिलं नाव कुंपणापलीकडच्या घराचं येतं. आपल्या कुंपणापलीकडे सरस्वतीकाकी राहते. तू गेलीस त्या दिवशी आपल्या चुली पेटल्या नाहीत, तेव्हा दोन्ही घरांना पेज तिनेच पोचवली होती.

मी टोपली खाली ठेवली. "घाडी नको, माई. नाव मीच सांगतंय. वैनीनच बांधलेले ते दोरे. आणि माझ्यापायी बांधलेले."

पडवीत भावोजी बसले होते. त्यांनी मान वर केली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाकीट, मधला वाफा, चार हात, भुंगा, ताईंचं भाषण. विचारलं नव्हतं आणि हसले होते, हेही सांगितलं. ऑफिसात चूक झाली की मी साहेबांपुढे अशीच सांगते, एका दमात, म्हणजे मध्ये कोणी सांत्वन करायला येत नाही.

माईंनी मूठ उघडून तुकड्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे करणी नाय. भेंडी."

"भेंडी."

"आणि मी ती कापलंय."

"तुमका काय म्हायत."

"आगो, पण मीच आधी इचारूक व्हया होता." असं म्हणून त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. तोपर्यंत त्या नुसत्या करणी करणाऱ्याला शिव्या घालत होत्या. मला वाटतं, कोणीतरी केलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

 भावोजी उठले, मागच्या दारी गेले, आणि कुदळ आणून माझ्यासमोर ठेवली. तुझा नवरा आहे तो, त्याला बोलण्याची सवय तू लागूच दिली नाहीस.

मी माझी भेंडी उपटली. सगळी झाडं, ऐन भरात आलेली, प्रत्येकावर फुलं आणि कळ्या. खानावळीतल्या बाईंना फोन केला की भेंडी संपली, सुतक फिटलं की दोडकी आणि पडवळ पाठवते. त्या म्हणाल्या, इतक्यात कशी संपली? मी म्हटलं, संपवली. मधला वाफा दुपारपर्यंत रिकामा झाला. वीस वर्षांत आपल्या वादात मी पहिल्यांदा तुझं ऐकलं, आणि तेही तू ऐकायला नसताना. यात रडण्यासारखं काही नाही. उशीर झाला, एवढंच आहे.

मग हिशेब घातला, दिवसांचा. कळी बांधली की शेंग झाडावर वाळून बी पक्कं व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. पाऊस लागायला साधारण तेवढेच दिवस उरले होते, थोडे जास्त. वाळत आलेली शेंग पावसात भिजली तर बी आतच काळं पडतं. म्हणजे तुझ्या झाडांना नव्याने येणाऱ्या कळ्या त्या संध्याकाळपासूनच बांधायला हव्या होत्या. तुझं रीळ शिलाईच्या डब्यात सापडलं. थोराड झालेल्या जुन्या शेंगा मी काढल्या नाहीत, त्यातल्या काही तुझ्या हातच्या होत्या. त्यांना मी पांढरा दोरा बांधला. पांढरा म्हणजे माहीत नाही. लाल म्हणजे खात्रीची.

आता सुतकातल्या जेवणाचं सांगते. ते ऐकून तू हसशील.

सुतकात फोडणी देत नाहीत. रोजचा टोपलीभर माल मात्र निघतच होता. मळ्याला सुतक कळत नाही. सुतकाच्या घरची भाजी बाहेर कोणी घेत नाही, त्यामुळे काढलेलं सगळं घरातच संपवायचं होतं. वाली, लाल भाजी, दोडकी, वांगी, आणि तुझ्या झाडांच्या ज्या शेंगा बियाण्याला नको होत्या त्या. एकाच चुलीवर दोन्ही घरांचं जेवण, रांधणारी मी, आणि फोडणी बंद. म्हणजे दहा दिवस मला तुझ्या पद्धतीने रांधावं लागलं. मी मनात म्हटलं, ही बाई जाताना माझी कढई बांधून गेली.

पहिल्या दिवशीची भेंडी फसली. फोडणीत परतल्याशिवाय तिचा बुळबुळीतपणा कसा घालवतात ते मला येत नव्हतं. मी ती चिरून पाण्यात टाकली, मीठ घातलं, शिजवली. वाटीत घेतली तर तार निघाली. भावोजींनी वाटी बाजूला सरकवली. माईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "खळ केलंस मगो?"

दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. तुझ्या पडवीत उभं राहून वीस वर्षं मला जे दिसलं होतं ते आठवलं. तू भेंडी आधी धुऊन, पुसून, सुपात वाऱ्याला ठेवायचीस. चिरायचीस बोटभर लांब, बारीक कधीच नाही. आणि टोपात ती पाण्यात पडायच्या आधी कैरीच्या फोडी पडायच्या. आंबटाने तार तुटते. मला हे माहीत होतं, आमसुलाचं तर मी शेजारणींना सांगतेही, पण फोडणी हाताशी असताना कधी गरज पडली नव्हती. कैरी शिजत आली की भेंडी, झाकण न ठेवता. मग खोबरं, दोन हिरव्या मिरच्या आणि चिमूटभर जिरं वाटून ते वाटण, तिरफळाचे चार दाणे ठेचून, एक उकळी, आणि खाली उतरवल्यावर कच्चं खोबरेल.

मी आधी स्वतः चाखलं. रांधणाऱ्या बाईने टोपाजवळ उभं राहून चाखू नये असं तू म्हणायचीस. चाखलं.

बरी होती भाजी. बरी म्हणजे काय ते तुला कळेल. दीड वीत वाढलेली भेंडी आतून लोण्यासारखी मऊ होती आणि तिला तिची स्वतःची चव होती, गवताची, थोडी गोडसर. लसणीखाली ती मला इतकी वर्षं लागलीच नव्हती.  पानं वाढली.

भावोजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी आसा."

माईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. तीस-पस्तीस वर्षं तुझ्या पानावर बसून हा माणूस हेच म्हणत आला आणि तू दर वेळी मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवत आलीस, भाजीत मात्र कधी जास्त घातलं नाहीस. मी मिठाची वाटी सरकवली. त्यांनी ती घेतली नाही. तशीच भाजी पुन्हा मागून घेतली, भातावर कालवली आणि खाली मान घालून सगळी संपवली.

एक गोष्ट मी तुला सांगायला हवी होती, ती आता सांगते. माझं ऑपरेशन झालं त्या वर्षी दोन महिने तू दोन्ही घरांचं केलंस. माझ्या तोंडाला चव नव्हती. एक दिवस तू माझ्या पानात भेंडी वाढलीस, लसणीची फोडणी दिलेली. तू, फोडणी. लसूण काळी झाली होती, कारण तुला सवय नव्हती, तेल किती तापलं ते तुला कळलं नाही. मी एक घास घेतला आणि म्हटलं, "लसूण करपली, वैनी." तू म्हणालीस, "माका खंय येता ता. तुका बरा वाटात म्हणान केलंय." आणि पाठ फिरवून गेलीस. मी ती भाजी सगळी खाल्ली, बोटं चाटून खाल्ली, पण बोलले ते करपलेल्या लसणीबद्दलच. माझ्या तोंडून आधी चूक निघते, बाकीचं मागून येतं आणि पुष्कळदा येतच नाही. ऑफिसात याला काटेकोरपणा म्हणतात. घरात काय म्हणतात ते तू कधी म्हणाली नाहीस, हे तुझे उपकार.

तर वैनी, ती भाजी चांगली झाली होती.

काल तेराव्याला फोडणी मोकळी झाली. सगळ्यांना वाटलं, आता सुलभाची कढई कडाडणार. वाटाण्याची उसळ, वडे, खीर, सगळं झालं. वांग्याला मी दणकून फोडणी दिली, ते माझं वांगं आहे आणि त्याबाबत मी अजून तुझ्याशी सहमत नाही. भेंडीला दिली नाही. पंगतीतल्या एका बाईने विचारलं, "फोडणी विसरलंस?" मी उत्तर द्यायच्या आधी वाढणाऱ्या माई म्हणाल्या, "भाजी बरी आसली तर कित्याक व्हयी?" तुझ्याच सुरात म्हणाल्या. कुठून ऐकलं त्यांनी कोण जाणे. बहुतेक तू त्यांनाही ऐकवलं असशील.

आज सकाळी माई कणकवलीला परत गेल्या. पण काल संध्याकाळी, माणसं पांगल्यावर, त्या मळ्यात आल्या. मी कळ्या बांधत होते. माझं जवळचं दिसणं आता कमी झालंय, चष्म्याशिवाय दोरा कळीला न लागता पानाला लागतो. त्यांनी ते बघितलं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "सर. कळी मी धरतंय, तू बांध." सत्तरी जवळ आलेल्या माईंच्या बोटांना कंप आहे, पण कळी धरली की ती बोटं स्थिर होतात, हे मला माहीत नव्हतं. आम्ही शेवटच्या झाडापर्यंत गेलो. जाताना त्या म्हणाल्या, "बी झाला काय माका पाच दाणे ठेव. कापलंय मीच, तर लावतलंय पण मीच. माझ्या परड्यात आजूबाजूक कोणाची भेंडी नाय." मी पाचांऐवजी दहा ठेवेन. दोन गावांत असलं म्हणजे एका बाटलीला बुरशी आली तरी ते संपत नाही. हे आपण दोघींनी वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, पण तेव्हा आपण भांडण्यात होतो.

पाऊस वेळेवर आला तर लाल दोऱ्याच्या शेंगा बहुतेक सगळ्या हाती लागतील. लवकर आला तर थोड्या जातील. रोजच्या रोज बांधत असल्याने सगळ्या जायच्या नाहीत. पांढऱ्या दोऱ्याचं बी वेगळं ठेवीन आणि दूरच्या वाफ्यात वेगळं लावीन. मला बघायचंच आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या झाडांना शेंगा धरल्या की मी शिरा मोजीन. सात निघाल्या तर तू म्हणशील, माझ्या दोऱ्यांमुळे. पाच निघाल्या तर म्हणशील, तुझ्या पाकिटामुळे. कशाही निघाल्या तरी खरं तुझंच ठरणार, अशी तू भेंडी लावून गेलीस. हे फाल्गुनात त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं असतं तर मी तुझ्याशी वाद घातला नसता.

खोटं कशाला बोलू, वैनी. घातलाच असता.